कलेचे प्रयोजन काय?



एका शेतकरी बंधूंनी या सदराकडे पत्र धाडले आहे. त्यांचा धाकटा मुलगा दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाला असून त्याचा हात चित्रकलेत चांगला चालतो. त्याच शिक्षणासाठी शहरास जाण्याची त्याची इच्छा आहे. घरची जमीन थोडी. ती थोरला मुलगा कसतो. तेव्हा धाकट्याने काही पोटापाण्याची विद्या शिकावी असे पित्यास वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविकच आहे. त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. या विद्येने पोट भरेल काय? जगात इतकी माणसे अर्धपोटी निजत असता चित्रे रंगवीत बसणे ही चैन नव्हे काय? आणि तिसरा प्रश्न त्यांनी अगदी शेवटी, जणू संकोचाने, लिहिला आहे: देवाच्या दृष्टीने या उद्योगाला काही मोल आहे काय?

हे प्रश्न एकाच घरचे आहेत असे नाही. आपल्या चर्चची जुनी वेदी मोडून नवी आणावी की नाही, नाताळच्या गोठ्यावर किती खर्च करावा, मुलांना गायनवादन शिकवावे की त्या वेळात शाळेचा अभ्यास करून घ्यावा, अशा अनेक प्रसंगी तेच प्रश्न निराळ्या रूपाने आपणापुढे उभे राहतात. म्हणून त्यांचा थोडा मुळापासून विचार करू. उत्तरे मात्र उलट्या क्रमाने देणे सोयीचे होईल. कारण एखाद्या वस्तूचे मोल काय हे ठरल्यावाचून तिच्यासाठी किती झीज सोसावी हे ठरविता येत नाही.

मानवाची जुनी भूक

गोव्याच्या दक्षिण भागात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ नावाचे स्थान आहे. तेथील जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर बैल व इतर पशू, मानवाकृती आणि चक्रव्यूहासारखी एक गोल आकृती कोरलेली आहे. १९९३ साली ही चित्रे पुराणवस्तुसंशोधकांच्या दृष्टीस पडली. ज्यांनी ती कोरली ते लोक हजारो वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांच्यापाशी धान्याची कोठारे नव्हती, पक्की घरे नव्हती, उद्याच्या अन्नाची शाश्वती नव्हती. तरीही त्यांच्यापैकी कोणीतरी तासन्‌तास उन्हात बसून दगडावर दगड घासला आणि बैलाचे वशिंड रेखाटले. मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या गुहांत आणि फ्रान्समधील लास्को येथे १९४० साली सापडलेल्या गुहेतही हीच कथा आहे. पोट भरल्यावर उरलेल्या वेळात करावयाचा खेळ म्हणजे कला, असे जे म्हणतात, त्यांनी या कातळापुढे जाऊन उभे राहावे. पोट पुरते भरण्याच्या कितीतरी आधी मानव चित्र काढू लागला होता.

सुगरण पक्षी झाडाच्या शेंड्याला किती सुबक घरटे विणतो! आपण तोंडात बोट घालतो. तथापि सुगरणीने कधी घरट्याचे चित्र काढलेले नाही, आणि गेल्या वर्षीच्या घरट्याहून यंदाचे निराळे करावे असे तिच्या मनात आलेले नाही. मानवाचे तसे नाही. पाणी साध्या घागरीतही तितकेच गार राहते. तरी कुंभार तिच्या गळ्याभोवती दोन रेघा ओढतो. दळण मुकाट्यानेही दळले जाते. तरी आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसल्या की त्यांच्या ओठी ओवी आली. त्या ओवीने पीठ अधिक बारीक झाले नाही. परंतु दळणारी स्त्री नुसते दळण्याचे यंत्र न राहता माणूस राहिली. सासरचा जाच, माहेरची आठवण, लेकराचे कौतुक, देवाची करुणा, सारे तिने त्या दगडाच्या घरघरीत गुंफले. मला वाटते, कलेचे पहिले प्रयोजन येथेच दिसते. मानव केवळ जगत नाही. आपण जगतो आहोत हे तो पाहतो, आणि पाहिलेले दुसऱ्यास दाखवावे अशी त्याला भूक असते.

कला म्हणजे नीट घडविणे

आता कला म्हणजे काय याची व्याख्या करू. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांनी ती फार थोडक्यात केली आहे. त्यांच्या विचाराचा सारांश असा: मानवाची बुद्धी दोन प्रकारे कामाला लागते. एक, कसे वागावे हे ठरविण्यात. त्या सद्‌गुणाला विवेक म्हणावे. दुसरी, वस्तू कशी घडवावी हे ठरविण्यात. त्या गुणाला कला म्हणावे. घडवावयाच्या वस्तूविषयी बुद्धीचा जो नेमका व योग्य निर्णय, तीच कला.

या व्याख्येतून दोन महत्त्वाच्या गोष्टी निघतात. पहिली अशी की कला ही केवळ चित्रकार, गवई व कवी यांची मिरास नव्हे. नांगराचा फाळ नीट बसविणारा सुतार, जोत्याचे दगड सांधणारा गवंडी, भाकरी गोल थापणारी गृहिणी, हे सारे या अर्थाने कलावंतच आहेत. ललितकला निराळ्या व हस्तव्यवसाय निराळे असा जो कडक भेद आज शाळेत शिकविला जातो तो युरोपात अठराव्या शतकात रूढ झाला. त्यापूर्वी देवळाचा घुमट बांधणारा आणि त्यावर चित्र काढणारा हे दोघे एकाच मानाचे कारागीर समजले जात.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. संत थॉमस म्हणतात की कारागिराची वाखाणणी त्याच्या हेतूवरून होत नाही. त्याने केलेल्या कामावरून होते. भक्तिमान सुताराची खुर्ची डुगडुगत असेल तर ती डुगडुगतच राहते. त्याच्या भक्तीने तिचा पाय सरळ होत नाही. हे ध्यानात ठेवणे आपणा ख्रिस्ती लोकांस फार अगत्याचे आहे. पुष्कळदा आपण म्हणतो, ‘मूर्ती कशीही असो, भाव शुद्ध असला म्हणजे झाले.’ भाव शुद्ध असावा यात शंका नाही. परंतु भाव शुद्ध आहे म्हणून ओबडधोबड काम देवापुढे ठेवावे काय? शुद्ध भाव असणाऱ्याने तर आपले काम अधिकच काळजीने केले पाहिजे. नाझरेथच्या सुताराने तीस वर्षांच्या अज्ञातवासात जे काही घडविले असेल ते वेडेवाकडे होते असे आपणांपैकी कोणास वाटते?

मग सुंदर कशाला म्हणावे? याचेही उत्तर संत थॉमस तीन शब्दांत देतात. वस्तू पूर्ण असावी, म्हणजे तिच्यात काही उणे नसावे. तिचे भाग परस्परांशी प्रमाणात असावेत. आणि तिच्यात तेज असावे. हे तेज म्हणजे नुसता चकचकीतपणा नव्हे. वस्तूचे अंतःस्वरूप तिच्या रूपातून उजळून दिसणे म्हणजे तेज. पिकल्या शेताकडे पाहा. एकही रोप सोन्याचे नाही, पण सारे शेत सांगते, ‘मी शेत आहे, मी पिकलो आहे.’ उलट बाजारातील पुष्कळशा मूर्ती सोनेरी रंगाने झळकतात, पण त्यांच्या मुखावर काहीच लिहिलेले नसते. त्यांत चकाकी आहे, तेज नाही.

तत्त्ववेत्त्यांचा वाद

कलेविषयी सर्वांचे मत अनुकूल होते असे मात्र नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो हा स्वतः अत्यंत रसाळ लेखक. तथापि त्याने आपल्या आदर्श राज्यातून कवींना हद्दपार केले. त्याचा युक्तिवाद असा: खाट म्हणजे काय ही मूळ कल्पना देवाची, तिच्यावरून सुतार एक खाट करतो, आणि चित्रकार त्या खाटेची नक्कल उतरवितो. म्हणजे चित्र हे सत्यापासून तिसऱ्या पायरीवर गेले. शिवाय काव्य मनोविकारांना खतपाणी घालते. त्याचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल याने गुरूला उत्तर दिले. तो म्हणाला, अनुकरण हा मानवाचा बालपणापासूनचा स्वभाव आहे आणि त्यातूनच तो प्रथम शिकतो; शोकनाट्य पाहताना करुणा व भय जागृत होऊन मनाचा निचरा होतो.

गेल्या काळात रशियाचे कादंबरीकार टॉलस्टॉय यांनी हा वाद पुन्हा उभा केला. १८९८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी म्हटले की एकाने अनुभवलेली भावना दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे हीच कला, आणि जी कला साध्या शेतकऱ्यास कळत नाही ती खोटी. हा निकष त्यांनी इतक्या कठोरपणे लावला की आपल्या जगप्रसिद्ध कादंबऱ्याही त्यांनी वाईट कलेत टाकल्या व केवळ दोन छोट्या कथा तेवढ्या चांगल्या म्हणून शिल्लक ठेवल्या. हा निकाल अतिरेकी होता. परंतु त्यांच्या बोलण्यात एक सत्य आहे. कला ही मूठभर सुखवस्तू लोकांची मिजास झाली की ती सुकते.

या वादाचा निकाल मला पवित्र शास्त्रातील एका प्रसंगात सापडतो. दावीद राजाने उरियाची पत्नी हिरावली व उरियाला रणात मरावयास धाडले. राजाचा अपराध राजाला कोण सांगणार? नाथान संदेष्टा आला आणि त्याने आरोप केला नाही. त्याने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाची एकुलती एक मेंढी होती, ती त्याच्या ताटातले खाई व त्याच्या कुशीत निजे. आणि कळपांचा धनी असलेल्या शेजाऱ्याने पाहुण्यासाठी तीच मेंढी कापली. दावीद संतापून उठला. तेव्हा नाथानाने त्याला सांगितले की तो माणूस तूच आहेस. वाचकहो, दावीदाला आज्ञा पाठ नव्हत्या काय? त्या पाठ असूनही त्याला स्वतःचे पाप दिसले नाही. ते एका गोष्टीने दाखविले. प्लेटोने म्हटले की कला सत्यापासून दूर नेते. नाथानाची कथा कल्पित होती, आणि तिनेच राजाला सत्यासमोर आणून उभे केले. प्रभू येशूनेही स्वर्गाच्या राज्याविषयी बोलताना व्याख्या दिल्या नाहीत. पेरणारा, हरवलेले मेंढरू, उधळ्या पुत्र यांच्या कथा सांगितल्या. कलेचे दुसरे प्रयोजन ते हे: जे आपणास ठाऊक असते पण दिसत नसते, ते ती दिसू देते.

मूर्ती असाव्यात की नसाव्यात?

येथे कोणी आक्षेप घेईल की दहा आज्ञांत तर कोरीव मूर्ती करू नये असे सांगितले आहे. आक्षेप खरा आहे व जुना आहे. परंतु त्याच निर्गम ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की मी बसालेल नामक कारागिराला माझ्या आत्म्याने भरले आहे, आणि सोने, रुपे, पितळ, रत्ने व लाकूड यांचे काम करण्याचे कौशल्य त्याला दिले आहे. ध्यानात घ्या, येथे आत्म्याने भरलेला माणूस राजा नाही, सेनापती नाही, याजकही नाही; तो हाताने काम करणारा कारागीर आहे. आमच्या शेतकरी बंधूंच्या तिसऱ्या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर काय असू शकेल?

रानात सर्पदंशाने लोक मरू लागले तेव्हा देवाच्या आज्ञेनेच मोशेने पितळेचा सर्प उभारला. पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्किया राजाने तो फोडून टाकला. या दोन्ही कृती योग्य होत्या. जी वस्तू देवाकडे बोट दाखविते ती राखावी; जी देवाच्या जागी बसते ती काढावी.

ख्रिस्तसभेला हा धडा सहज मिळाला नाही. इसवी सन ६०० च्या सुमारास मार्से येथील महागुरू सेरेनुस यांनी लोक चित्रांची पूजा करतात म्हणून चित्रे फोडविली. पोप थोर संत ग्रेगरी यांनी त्यांना लिहिले की चित्रांची पूजा थांबविलीत हे ठीक. पण ती फोडावयास नको होती, कारण ज्यास अक्षरओळख नाही तो भिंतीवरील चित्रातून तेच वाचतो जे शिकलेला माणूस ग्रंथातून वाचतो. पुढे आठव्या शतकात पूर्वेकडील बादशहांनी मूर्तिभंजनाचा सपाटा लावला; कित्येक मठवासीयांनी चित्रांच्या रक्षणार्थ छळ सोसला. त्या काळी दमास्कसचे संत योहान यांनी जो विचार मांडला तो आजही विसरण्याजोगा नाही. देव अदृश्य होता तोवर त्याचे चित्र काढणे अशक्य होते. परंतु तो मानव झाला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिले, मग त्या मुखाचे चित्र का काढू नये? ७८७ साली निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने निर्णय दिला की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो ज्याची प्रतिमा त्याच्याकडे जातो. म्हणजे आपल्या भिंतीवरील साधी तसबीरदेखील देवपुत्र देहधारी झाला या श्रद्धेची साक्ष आहे.

ओवी आणि साडी

आता आपल्या घराजवळची दोन उदाहरणे घेऊ. फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले व साष्टी प्रांतात राहिले. तेथील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती; पण पुराण ऐकण्याची त्यांची सवय कोठे जाणार? ‘आमची पुराणे घेतलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही?’ अशा अर्थाचा प्रश्न एका श्रोत्याने विचारल्याचे फादर स्टीफन्स यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या आरंभी सांगितले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण. १६१६ साली रायतूर येथे ते रोमन अक्षरांत छापले गेले. मराठीत, ओवी छंदात, सुमारे अकरा हजार ओव्या! ज्ञानेश्वर-एकनाथांनी जो छंद घडविला, तोच छंद या परदेशी माणसाने शिकून आपलासा केला.

या कर्तृत्वाचे मोल कशात आहे? धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली तर त्यांच्यापाशी होतीच. आणि ती आवश्यकही होती. परंतु प्रश्नोत्तरावली मुले पाठ करतात व विसरतात. पुराण घरोघर गाइले गेले. जुन्या छापील प्रती आज एकही हाती लागत नाही, तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही. कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला व जपला. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला, आणि १९५६ साली पुण्यात देवनागरीत आला. छापखान्याने जे राखले नाही ते लोकांच्या प्रेमाने राखले. सुंदर वस्तूचे आयुष्य असे असते.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. १७३६ साली गोव्यातील धर्मन्यायसभेने जे मनाईहुकूम काढले त्यांत ख्रिस्ती लग्नघरांत ओव्या गाण्यासही बंदी केली. ज्या छंदात एका धर्मगुरूने प्रभूचे चरित्र गाइले, तोच छंद लग्नमांडवात निषिद्ध ठरला! जुनी चाल टाकावी की तिचा संस्कार करून राखावी, या प्रश्नावर आपल्या पूर्वजांत केवढे मतभेद होते हे यावरून कळते. निकाल मात्र काळाने दिला आहे. मनाईहुकूम आज केवळ इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. ओवी अजून कानी येते.

दुसरे उदाहरण विसाव्या शतकातील. चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर झाला. शांतिनिकेतनाच्या परंपरेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. गोव्यास परतल्यावर त्यांनी पवित्र मारियेची चित्रे काढली, त्यांत ती साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची, आपल्याकडील बाईसारखी होती. लोकांना ते रुचले नाही. देवमातेचा हा अनादर आहे असे पुष्कळांना वाटले. अखेर फोन्सेका गोवा सोडून पुण्यास आले आणि तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी आपले काम चालू ठेवले. हा आश्रम कॅथलिक नव्हता, अँग्लिकन बांधवांचा होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९६७ साली ते निवर्तले. आज त्यांची पुष्कळ चित्रे गोव्यातील पर्वरी येथे झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवली आहेत, आणि ज्यांच्या आजोबांना ती खटकली असतील ते नातू ती कौतुकाने पाहतात.

आक्षेपकांचे म्हणणे होते की मारिया काही गोव्याची नव्हती. खरे आहे. पण ती इटलीचीही नव्हती आणि पोर्तुगालचीही नव्हती. इटलीच्या चित्रकारांनी तिला आपल्याकडील वस्त्रे नेसविली, तिच्या मागे आपल्याच टेकड्या रंगविल्या. ती चित्रे आपण वेदीवर ठेवली आणि त्यांत कोणास काही वावगे दिसले नाही. मग तिने साडी नेसल्यावर एवढा धक्का का बसावा? नाझरेथची ती गरीब मुलगी विहिरीवरून पाणी आणीत असे, दळीत असे, मूल कडेवर घेत असे. ज्या बायका प्रत्यक्ष हे करतात, त्यांच्या वेषात ती अधिक ओळखीची वाटावी हेच सयुक्तिक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट म्हटले आहे की ख्रिस्तसभेने कोणतीही एक शैली केवळ आपली म्हणून मानलेली नाही. तो निर्णय आला तेव्हा फोन्सेका हयात होते. तथापि एक इशारा येथेच देतो. देशी वेष चढविला की चित्र आपोआप पवित्र होते असे नाही. ज्या कामात प्रार्थना नाही व कसब नाही, त्याला साडी नेसविली काय आणि झगा चढविला काय, सारखेच.

गरिबांचे काय?

आता दुसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत कठीण. बेथानी येथे मरियेने जटामांसीचे मोलवान तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा हे तेल तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले. प्रभूने मरियेची बाजू घेतली. एवढे वाचून आपण निश्चिंत होऊ नये; कारण संतांनी दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडली आहे. सुवर्णमुख संत योहान यांनी आपल्या श्रोत्यांना बजावले की मंदिरात ख्रिस्ताला रेशीम पांघरता आणि दाराशी तोच थंडीने कुडकुडत असता त्याच्याकडे पाठ फिरविता, याला भक्ती म्हणत नाहीत. संत अँब्रोज यांनी तर कैद्यांना सोडविण्यासाठी उपासनेची पात्रे वितळविली. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी भिंती झळकतात व गरीब उघडे राहतात म्हणून श्रीमंत मठांवर कडक टीका केली.

मग मेळ कसा घालावा? माझ्या अल्पमतीप्रमाणे असा: प्राण वाचविण्याचा प्रश्न असेल तेथे सोन्याचे पात्रदेखील मागे राहिले पाहिजे, यात वाद नाही. परंतु ‘गरिबांना आधी भाकरी, सौंदर्य मागाहून’ हा कायमचा नियम केला तर त्याचा अर्थ असा होतो की गरिबाला केवळ पोटच आहे. हा गरिबाचा अपमान आहे. श्रीमंताच्या घरी चित्रे असतात, बाग असते, संगीत असते. गरिबाला हे सारे कोठे लाभते? चर्चमध्ये. मजुरीवरून आलेली बाई ज्या कोरीव वेदीपुढे गुडघे टेकते ती वेदी तिचीही असते. तिच्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. म्हणून परिषदेने जो मापदंड दिला तो आपण ध्यानी धरावा: डोळे दिपविणारा थाट नको, उदात्त सौंदर्य हवे. थाट महाग असतो. सौंदर्य महाग असलेच पाहिजे असे नाही. स्वच्छ चुन्याची भिंत, एक नीट घडविलेला क्रूस, सुरात म्हटलेले एक गीत, यांना फारसे द्रव्य लागत नाही, लक्ष लागते.

आता व्यवहाराकडे

राहिला पहिला प्रश्न: पोट भरेल काय? शेतकरी बंधूंना माझे उत्तर सरळ आहे. भरेलच असे वचन कोणी देऊ शकत नाही. पण शेतीने भरेल असे वचन तरी पाऊस देतो काय? मुलाला आधी पारखून पाहा. त्याला चित्रकार म्हणवून घेण्याची हौस आहे की चित्र काढण्याची? एकच आकृती दहा वेळा पुसून पुन्हा काढण्याचा धीर त्याच्यापाशी आहे काय? असेल तर त्याला जाऊ द्या. आणि त्याबरोबरच छपाई, अक्षरलेखन, मूर्तिकाम किंवा शाळेत शिकविणे यांपैकी ज्याने दोन पैसे मिळतील असे कसबही त्याने शिकावे असा आग्रह धरा. कलावंताने उपाशीच राहावे असा देवाचा नियम नाही. नसेल तर त्याला प्रेमाने दुसऱ्या वाटेला लावा, आणि चित्रे फावल्या वेळात काढू द्या. पण एक गोष्ट कृपा करून करू नका. ‘हे रिकामटेकड्याचे काम’ असे त्याच्या तोंडावर म्हणू नका. ज्या देणगीला परमेश्वर आपल्या आत्म्याची देणगी म्हणतो तिला पित्याने रिकामे काम म्हणू नये.

इतर कुटुंबांसाठीही चार गोष्टी सांगून ठेवतो. घरातील वा चर्चमधील जुन्या लाकडी मूर्तीवर हौसेने तैलरंग फासू नका. खालचा मूळ रंग व सोनेरी मुलामा एकदा गेला की परत येत नाही. दाराशी येणाऱ्या व्यापाऱ्यास जुनी मूर्ती, जुने पात्र वा जुना ग्रंथ दोन पैशांसाठी देऊ नका; अशा मोलाच्या वस्तू हातच्या जाऊ नयेत याची काळजी घेण्यास परिषदेने धर्माधिकाऱ्यांना बजावले आहे, आणि तुमच्या धर्मगुरूंना विचारल्यावाचून असा व्यवहार होताच कामा नये. नाताळचा गोठा तयार विकत आणण्यापेक्षा मुलांना मातीचा करू द्या. मेंढराचा पाय वाकडा झाला तरी चालेल, शिकणाऱ्याचा हात तसाच सरळ होतो. आणि घरात आजी असेल तर तिला ठाऊक असलेली गीते आजच लिहून घ्या. मोबाइलवर हजार गाणी मिळतात. ती मिळत नाहीत.

वाचकहो, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने सृष्टी घडविली, आणि वेळोवेळी थांबून घडविलेले पाहिले, व ते चांगले आहे असे म्हटले. घडविणे, थांबणे, पाहणे, आणि जे चांगले त्याला चांगले म्हणणे, एवढीच कलेची सारी विद्या आहे. आपण त्याच्या प्रतिमेचे आहोत. म्हणून आपणासही घडविल्यावाचून चैन पडत नाही. जो तो आपापल्या हातचे काम, मग ते चित्र असो, भिंत असो वा शेताचा बांध असो, असे करो की संध्याकाळी थांबून त्याकडे पाहताना त्याला मान खाली घालावी लागू नये. परम शिल्पकार परमेश्वर तुमच्या हातांच्या कामास आशीर्वाद देवो.